विषय: घरगुती डेमोतील स्पर्धा आणि पळवलेले ग्राहक

प्रेषक: शहापूर, बेळगाव

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार,

परदेशातला मुक्काम आटोपून आम्ही बेळगावला परतलो, तरी तिथल्या मराठी मंडळाच्या ईमेल यादीतून मी नाव काढून घेतलेले नाही. आज ज्या विषयावर सल्ला हवा आहे, त्यातले अनुभवी लोक याच यादीवर आहेत हे ठाऊक असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते.

मी येथे एका कंपनीची कन्सल्टंट म्हणून स्वयंपाकघरातील भांड्यांचे डेमो घेते. शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी या भागांत एखादी यजमानीण भिशीच्या किंवा हळदीकुंकवाच्या निमित्ताने शेजारणींना बोलावते, मी त्यांच्यासमोर कमी तेलात थालीपीठ लावून दाखवते, त्याच बैठकीत ऑर्डरी लिहून घेतल्या जातात आणि एकूण विक्रीच्या हिशेबाने यजमानणीला कंपनीची भेटवस्तू मिळते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचे दिवस हा आमचा खरा हंगाम.

यंदा टिळकवाडीतील एका घरी शुक्रवारची बैठक ठरली होती आणि आमंत्रणेही गेली होती. बुधवारी यजमानणीचा फोन आला, तेव्हा कळले की आमच्याच कंपनीच्या दुसऱ्या एका कन्सल्टंटने आदल्या दिवशी तिच्याकडे जाऊन डेमो उरकला होता. ‘शहापूरच्या वहिनींनी हे काम सोडले असून त्यांचे ग्राहक कंपनीने माझ्याकडे सोपवले आहेत’ असे तिला सांगण्यात आले होते. या बाई छापील किमतीपेक्षा बऱ्याच कमी दराने माल देतात. महांतेशनगरमधील माझी काही जुनी घरे त्यांनी कन्नडमध्ये डेमो करून आपलीशी केली आहेत. आणि येळ्ळूरची एक मुलगी, जिला मी नुकतेच माझ्या हाताखाली कन्सल्टंट म्हणून तयार केले होते, तिलाही ‘नव्याने माझ्याखाली नाव नोंदव’ असे त्या सांगत आहेत.

त्यात परवा चंदगड तालुक्यातून एक बाई नॉनस्टिक तवा घेऊन माझ्या दारात आल्या. तव्याच्या मधोमध रुपयाएवढा लेप सुटला होता. तवा त्या दुसऱ्या कन्सल्टंटकडून घेतलेला, बिल नाही, ऑर्डरचा कागद नाही, मोबाइलवर फक्त ‘आयुष्यभर केव्हाही बदलून मिळेल’ एवढा संदेश. कंपनीच्या हमीपत्रात असे काहीही म्हटलेले नाही. कंपनीचे नाव एकच असल्यामुळे दोष मात्र माझ्याही पदरात पडला.

आमच्या दोघींच्या वर एकच अपलाइन, म्हणजे आमच्या विक्रीतून वाटा मिळणारी वरची कन्सल्टंट आहे, आणि तिने ‘आपसात मिटवा’ एवढेच सांगितले. इतर काही कन्सल्टंट मैत्रिणींचे म्हणणे असे की, व्हॉट्सॲपवर सगळ्या ग्राहकांचा गट करून या बाईंचे प्रताप जाहीर करावेत, आणि यापुढे कुणीही सवलत द्यायची नाही असा आपसात ठराव करावा. मला दोन्ही गोष्टी रुचत नाहीत, पण दुसरे काय करावे हेही सुचत नाही.

आपली,
शहापूरची वहिनी

प्रेषक: न्यू जर्सी (मूळच्या निपाणीच्या)

प्रिय वहिनी,

येथे मी बरीच वर्षे अशाच घरगुती विक्रीच्या पार्ट्या घेतल्या, तेव्हा तुमच्या पत्रातले प्रत्येक पात्र मला ओळखीचे वाटले. परंतु या सगळ्या तक्रारी सारख्या वजनाच्या नाहीत, आणि कंपनीकडे जाताना त्या एकत्र नेल्यात तर सगळ्यांत हलक्या तक्रारीवरून बाकीच्यांची परीक्षा होईल, असा माझा अनुभव आहे.

महांतेशनगरची घरे सोडून द्या. ज्या घरात कन्नड बोलली जाते, त्या घरात कन्नडमध्ये भांड्याची निगा समजावून सांगणारी बाई ग्राहकांना जवळची वाटली, तर त्यात अनीती काही नाही. ग्राहक कुणाच्या सातबाऱ्यावर चढलेला नसतो. बेळगावसारख्या गावात ज्या कन्सल्टंटला दोन्ही भाषांत डेमो करता येतो तिला अधिक घरे मिळणार, हे आपण मान्य केलेलेच बरे.

सवलतीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. ही विक्रीची पद्धत मुळात का निर्माण झाली हे पाहिले की त्यातली खोच कळते. टपरवेअरचे प्लास्टिकचे डबे सुरुवातीला अमेरिकेत दुकानांतून विकायला ठेवले होते, पण झाकण दाबून आतली हवा कशी काढायची हे कुणी दाखवल्याशिवाय गिऱ्हाइकाला त्या डब्याचे वैशिष्ट्यच समजत नसे. ब्राउनी वाइझ या बाईंनी घरगुती पार्ट्यांतून ते दाखवून इतकी विक्री केली की १९५१ मध्ये कंपनीने दुकानांतला माल काढून घेतला आणि केवळ पार्ट्यांवर भर दिला. म्हणजे कमिशन मिळते ते दाखवण्याच्या श्रमाचे. दुपारभर थालीपिठे लावून तुम्ही ग्राहक तयार करायचा आणि ज्या बाईने डेमोला हातही लावला नाही तिने फोनवर कमी भाव सांगून ऑर्डर घ्यायची, असे होत राहिले तर हळूहळू डेमो करायला कुणीच उरत नाही. म्हणूनच बहुतेक कंपन्या आपल्या करारात कमिशनमधून सूट देण्यावर किंवा ऑनलाइन माल विकण्यावर निर्बंध घालतात. तुमचा करार काढून हे कलम आहे का ते आधी पाहा.

आणखी एक गोष्ट तपासा: त्यांची सवलत महिनाअखेरीस वाढते का? तशी वाढत असेल तर टार्गेट गाठण्यासाठी त्यांच्या गळ्यात माल मारला गेला असण्याची दाट शक्यता आहे, आणि घरात साठलेली खोकी त्या मिळेल त्या भावाने काढत आहेत. अशा वेळी तक्रारीचा रोख खरे तर अपलाइनकडे असायला हवा. ‘आपसात मिटवा’ या उत्तराचे कारणही तेच दिसते. दोघींपैकी कुणीही विकले तरी तिचा वाटा ठरलेला आहे, मग तिने मधे पडून एकीला का दुखवावे?

आता टिळकवाडीची शुक्रवारची बैठक. तुम्ही काम सोडले असे खोटे सांगून यजमानीण मिळवली गेली. येथे स्पर्धा संपते आणि फसवणूक सुरू होते. भारतात ‘ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम, २०२१’ लागू आहेत. त्यांनुसार थेट विक्रेत्याने, म्हणजे तुमच्यासारख्या कन्सल्टंटने, ओळखपत्र आणि पूर्वसंमती असल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जायचे नाही. गेल्यावर आपण कोण, कुठल्या कंपनीचे आणि कशासाठी आलो हे खरेखरे सांगायचे. दिशाभूल करणारी कोणतीही पद्धत वापरायची नाही. आणि कंपनीने मान्य न केलेला दावा करायचा नाही. त्यांना संमती मिळाली ती खोटे सांगून, हे तुम्ही कंपनीला लेखी कळवा. यजमानणीला मात्र साक्षीदार बनवू नका, कारण ती दोघींचीही शेजारीण आहे आणि हा तंटा तिला नको आहे. तिला काय सांगण्यात आले होते तेवढे एका ओळीत संदेशाने कळवायला सांगा आणि त्याच संभाषणात तिला नवी तारीख द्या. तारीख देताना पूर्वीचाच डेमो करू नका. तवा त्यांनी दाखवला असेल तर तुम्ही कुकर दाखवा.

येळ्ळूरच्या मुलीला ओढू नका. तिला एवढेच सांगा की करारावर सही केल्यानंतर ठरावीक मुदतीत दंडाशिवाय त्यातून बाहेर पडण्याची सोय याच नियमांत विक्रेत्यासाठी आहे, आणि पुन्हा दुसरीखाली नाव नोंदवण्यापूर्वी कंपनीचा नियम वाचावा. एवढे ऐकूनही ती गेली तर जाऊ द्या.

स्नेहांकित,
निपाणीची ताई

प्रेषक: खानापूर

सौ. वहिनींस आणि ताईंस नमस्कार,

मुलाकडे राहायला गेलो असताना या यादीत आलो आणि हिशेबनिसाच्या सवयीने मधे बोलल्याशिवाय राहवत नाही, त्याबद्दल राग नसावा.

ताईंच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे. सवलतीच्या बाबतीत मात्र तक्रार करूच नये, अशा मताचा मी आहे. छापील कमाल किमतीपेक्षा जास्त घेणे हा गुन्हा आहे, कमी घेणे हा नाही. करारातले कलम मोडले असेल तर तो कंपनी आणि त्या बाई यांच्यातला प्रश्न. तुम्ही तो उचललात की तुमची तक्रार म्हणजे ‘हिचा धंदा बसला म्हणून ही रडते’ एवढीच ठरते, आणि टिळकवाडीची खरी तक्रार तिच्याखाली दबून जाते. सवलत न देण्याचा आपसातला ठराव तर मुळीच करू नका. एकाच बाजारात विकणाऱ्यांनी संगनमताने किंमत ठरवणे स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३ ला धरून नाही. चार-सहा गृहिणींच्या ठरावामागे कुणी लागणार नाही हे खरे, तरीपण असा कागद आपल्या हस्ताक्षरात असू नये.

व्हॉट्सॲपच्या गटाबद्दल माझा विरोध अधिक तीव्र आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामी हा आजही गुन्हा आहे, आणि शंभर ग्राहकांच्या गटात एखाद्या बाईचे नाव घेऊन ‘ही लबाड आहे’ असे लिहिणे म्हणजे तिच्या हाती कोलीत देणे. शिवाय त्या ग्राहकांनी आपले नंबर तुम्हाला भांड्यांसाठी दिले होते. त्यांची खासगी माहिती जपण्याची जबाबदारी त्याच २०२१ च्या नियमांनी तुमच्यावर टाकली आहे.

आता चंदगडच्या तव्याकडे वळतो, कारण या सगळ्या प्रकरणात कायद्याचा हात सर्वांत लांब पोहोचतो तो येथे, आणि ताईंनी नेमके त्यावर काही लिहिलेले नाही. कन्सल्टंटांच्या आपसातील भांडणासाठी ग्राहक कायदा नाही. त्यासाठी तुमचा करार आणि कंपनीची शिस्त. परंतु त्या बाई ग्राहक आहेत. विक्रेत्याने आपले नाव, नोंदणी क्रमांक, मालाचे वर्णन, रक्कम आणि परतीच्या अटी लेखी द्यायला हव्या होत्या. त्या दिल्या नाहीत, आणि वर कंपनीने न दिलेली हमी दिली. विक्रेत्याच्या हातून झालेल्या विक्रीबद्दलच्या तक्रारींची जबाबदारी नियमांनी कंपनीवर ठेवली आहे. कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याने ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ कामकाजाच्या तासांत द्यायची असते आणि सामान्यतः एका महिन्यात तिचे निवारण करायचे असते. तुम्ही लिहिलेल्या तक्रारीला अशी मुदत लागू होत नाही. त्या बाईंनी स्वतः लिहिलेल्या तक्रारीला होते. हा फरक लक्षात ठेवा.

आपल्याकडे सीमेमुळे एक प्रश्न हमखास विचारला जातो, तो असा की, माल बेळगावात म्हणजे कर्नाटकात घेतला आणि ग्राहक चंदगडचा म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातला, तर दाद कुठे मागायची? ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते. म्हणजे त्या बाईंना बेळगावच्या खेपा घालण्याची गरज नाही, कोल्हापूरला तक्रार करता येईल. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी. बहुतेक कंपन्या तेवढ्यानेच हलतात. एका तव्यासाठी आयोगापर्यंत जायची वेळ येईल असे मला वाटत नाही, पण जाता येते हे कंपनीला ठाऊक असते, आणि पत्राला उत्तर येते ते त्यामुळे.

आपला,
खानापूरचे काका

प्रेषक: शहापूर, बेळगाव

काका आणि ताई,

दोघांची पत्रे करारासोबत ठेवून वाचली. करारात कमिशनमधून सूट देण्यास मनाई आहे, आणि टिळकवाडीच्या यजमानणीचा एका ओळीचा संदेशही आला आहे. काकांचे ऐकून सवलतीचा उल्लेख मी कंपनीला पाठवलेल्या पत्रात केला नाही. माझ्या नावाने काय खोटे सांगितले गेले, केव्हा आणि कुणाच्या घरी, एवढेच लिहिले आणि कंपनीने सर्व कन्सल्टंटांना लेखी सूचना द्यावी अशी मागणी केली. अपलाइनला प्रत पाठवली, पण पत्र थेट कंपनीच्या पत्त्यावर गेले. ताईंनी म्हटल्याप्रमाणे तारखा पडताळल्या, तेव्हा त्या बाईंच्या मोठ्या सवलती खरोखरच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातल्या निघाल्या. त्यांच्याबद्दलचा माझा राग त्यामुळे थोडा कमी झाला. खोटे बोलल्याचा मात्र तसाच आहे.

चंदगडच्या बाईंची तक्रार त्यांच्याच शब्दांत लिहून घेतली, त्यांनी वाचून सही केली आणि तव्याचा व त्या संदेशाचा फोटो जोडून ती त्यांच्याच मोबाइलवरून पाठवली. मी बदली तवा द्यावा अशी त्यांची अपेक्षा होती. तो मी दिला नाही, कारण दिला असता तर तो माझ्याकडून विकलेला ठरला असता. हे त्यांना पटायला चहाचा दुसरा कप लागला.

व्हॉट्सॲपचा गट होणार नाही. मैत्रिणींपैकी दोघी त्यावर नाराज आहेत, आणि एकीने तर मला घाबरट ठरवले. टिळकवाडीची बैठक पुढच्या शुक्रवारी ठेवली आहे, या वेळी कुकर. येळ्ळूरच्या मुलीने अजून काही कळवलेले नाही.

काका, एक शंका राहिली. माझ्या ऑर्डर फॉर्मवर ग्राहकाचा केवळ मोबाइल नंबर असतो, पत्ता नसतो. चंदगड, गडहिंग्लजकडच्या ग्राहकांसाठी तालुका आणि जिल्हा फॉर्मवर लिहून घ्यायला लागावे, असे मनात आहे. त्यात काही अडचण येईल का, ते कळवावे.

आपली,
शहापूरची वहिनी

प्रेषक: खानापूर

वहिनी,

काहीच अडचण नाही, अवश्य लिहून घ्या. फक्त फॉर्मची एक प्रत त्याच वेळी ग्राहकाच्या हाती द्या, आणि तुमच्याकडची प्रत निदान हमीची मुदत संपेपर्यंत सांभाळा.

काका