सिट्रस परफ्यूम लावणारा माणूस 'मोकळ्या स्वभावाचा' कसा काय?

गंधवेल
सध्या एक पोस्ट सगळीकडे फिरते आहे. तिचा सारांश असा: हलका सिट्रस, म्हणजे लिंबू-संत्र्याच्या जातीचा परफ्यूम लावणारी माणसं मोकळी, उत्साही, स्पष्टवक्ती असतात, अबोल माणसाने त्या वाटेला जाऊ नये, त्याला ऊद आणि चंदनच शोभतं. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहिते.

संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन नावाचं रसायन असतं. रेणू लहान, त्यामुळे लगेच उडतो. फवारल्याबरोबर जो झणका येतो तो पंधरा-वीस मिनिटांत ओसरतो. पुढे दिवसभर अंगावर राहतात ते खालचे घटक: मस्क (कस्तुरीसारखा वास), देवदार, वाळा, ओकमॉस (ओकच्या झाडावरचं दगडफूल). मग स्वभाव ठरवायचा तो कोणत्या तासाच्या वासावरून?

'ओ सोव्हाज' हा परफ्यूम घ्या. सुगंधकार एडमंड रुडनित्स्काने १९६६ मध्ये डिओरसाठी केलेला. वरती लिंबू आणि बर्गमॉट (लिंबाच्याच जातीचं एक फळ), मध्ये हेडिओन या रसायनाची चमेलीसारखी हवा, खाली वाळा आणि ओकमॉस. चांगला गंभीर वास आहे. आणि १९९४ चा 'सीके वन' घ्या: तोही सिट्रस, पण धुतलेल्या कपड्यासारखा स्वच्छ, बाई-पुरुष दोघांसाठी काढलेला. दोन्ही एकाच खान्यात टाकून एकच स्वभाव चिकटवणं हा आळस आहे.

शिवाय या 'उत्साहा'चा अर्थ प्रत्येक घरात वेगळा. कोलोन शहरात १७०९ मध्ये सुरू झालेली फारिना कुटुंबाची पेढी ज्या सुगंधी पाण्यासाठी ओळखली जाते, ते योहान मारिया फारिनाने इटलीतल्या वसंतातल्या सकाळीशी जोडलं होतं. आपल्या घरांत कोलनवॉटर म्हणजे तापात कपाळावर ठेवायची घडी. आणि नुसत्या लिंबाचा वास आला की निम्म्या पुण्याला भांड्यांचा साबण आठवतो.

सायली_को
रसायन बरोबर, निष्कर्ष चूक. स्वभावाचा संबंध आहेच, फक्त पोस्टवाल्याने तो उलटा लावलाय.

कोलोन या हलक्या सुगंधी पाण्यात अर्काचं प्रमाण साधारण दोन ते पाच टक्के, ओ द परफ्यूम या जास्त तीव्र प्रकारात पंधरा ते वीस. कोलोन घेणारा माणूस आधीच ठरवतो की आपला वास हाताच्या अंतरापलीकडे जाऊ द्यायचा नाही, आणि दुपारी पुन्हा लावावा लागला तरी चालेल. खोली व्यापायची नाही हा निर्णय स्वभावातूनच येतो. म्हणजे हे सुगंध अबोल, भिडस्त माणसालाच जास्त शोभतात. ज्याला लिफ्टमधून उतरल्यावरही आपली आठवण मागे राहायला हवी असते, तो सिट्रसकडे वळतच नाही.

बाष्प
स्वभाव राहू द्या, आधी हवा बघा. एप्रिल-मेमध्ये पुण्यात दुपारी पारा चाळिशीला टेकतो आणि हवा कोरडी असते. कोरड्या त्वचेवर सिट्रस टिकणारच नाही. आंघोळीनंतर अंग किंचित ओलं असताना बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा, पाच मिनिटं थांबा, मग मान आणि छातीवर दोन फवारे. एक फवारा सुती शर्टाच्या आतल्या बाजूने. पांढऱ्या शर्टावर बाहेरून मारलात तर पिवळा डाग राहू शकतो. हाच परफ्यूम जुलैच्या दमट हवेत जास्त वेळ जाणवतो, तेव्हा एक फवारा कमी करा.

विकत घेताना कागदी पट्टीवर विश्वास ठेवू नका. मनगटावर घ्या, दुकानातून बाहेर पडा, अर्ध्या तासाने हुंगा. तेव्हा आवडला तरच पैसे टाका. आणि बाटली बाथरूममध्ये ठेवू नका. अर्धी रिकामी झाली की आतल्या हवेने लिमोनीनचं ऑक्सिडेशन होतं, वास टर्पेंटाइनकडे झुकतो आणि काहींच्या अंगाला खाज सुटते. लहान बाटली घ्या, अंधाऱ्या थंड कपाटात ठेवा.

पेठेतला_फाया
दोन तासांच्या वासासाठी एवढा खटाटोप? आमच्या पेठेत तोळाभर वाळ्याचं अत्तर घ्या, कानामागे बोट लावा, संध्याकाळपर्यंत निश्चिंत. लिंबाचा ताजेपणा हवाच असेल तर त्यावर कोलोन मारा. वाळा खालून धरून ठेवतो. अस्सल चंदनाच्या बैठकीवर, म्हणजे चंदनाच्या तेलात उतरवलेलं अत्तर असेल तर या परदेशी बाटल्यांची गरजच काय?

गंधवेल
वाळ्यावर कोलोन, हे पटलं. पण "अस्सल चंदन" कुठून आणलंत? चंदनाच्या तेलाचा भाव किलोला लाखाच्या वर आहे. तोळा म्हणजे साडेअकरा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे नुसत्या बैठकीचेच हजाराच्या वर झाले. दोनशे रुपयांच्या कुपीत चंदन नसतं. डीपीजी, डीईपी (अत्तर पातळ करायची स्वस्त, कृत्रिम द्रव्यं) नाहीतर लिक्विड पॅराफिन असतं.

ग्लासभर पाण्यात एक थेंब टाका. खाली जाऊन बसला तर डीईपी, दुधाळ होऊन विरघळला तर डीपीजी. वर तवंग राहिला तर कागदावर एक थेंब ठेवा: आठवड्यानंतरही तेलकट डाग तसाच असेल तर पॅराफिनचा संशय घ्या.

पेठेतला_फाया
अर्धवट माहितीवर लोकांना घाबरवू नका! वाळ्याच्या तेलाची घनता पाण्याच्या इतकी जवळ असते की अस्सल वाळाही तुमच्या ग्लासात खाली जाऊ शकतो. मग त्यालाही भेसळ म्हणाल? चंदन पाण्यापेक्षा हलकं, ते तरंगतं. वाळ्याला ही चाचणी लावायचीच नाही.

वाळा ओळखायचा तो असा. कनौजला तांब्याच्या डेगेत मुळं उकळतात आणि वाफ बांबूच्या नळीतून पाण्यात ठेवलेल्या भपक्यात, म्हणजे वाफ थंड करून गोळा करायच्या भांड्यात उतरवतात. तांब्यामुळे तेलाला गढूळ हिरवट छटा येते. सरबतासारखा चकचकीत हिरवा दिसला की रंग घातलेला आहे, घेऊ नका. अस्सल वाळा दाट असतो, कुपी आडवी केली तर सावकाश सरकतो, आणि पहिल्या वासाला ओल्या मातीइतकाच किंचित धुरकट लागतो. गोड लागला तर परत ठेवा. दुकानदार कमी नाहीत, घेणारे घाई करतात.

गंधवेल
वाळ्याच्या घनतेचा मुद्दा मान्य. तो चंदनाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या दोनशेच्या कुपीला मात्र वाचवत नाही, आणि वाद त्याच कुपीवर होता. तिच्याबद्दल तुम्ही अजून अवाक्षर काढलेलं नाही.

जुई_०७
तुमचं अत्तर-पुराण चालू द्या, पण त्यात धोक्याची गोष्ट राहून जाते आहे. हा धागा वाचून कोणीतरी बर्गमॉट किंवा कागदी लिंबाच्या तेलाची छोटी बाटली आणून वाळ्यावर थेट चोपडेल. यंत्राने दाबून काढलेल्या या तेलांत फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात, बर्गमॉटमध्ये मुख्यतः बर्गाप्टेन. ते त्वचेवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखं लाल होतं आणि नंतर तपकिरी ओघळ राहतात, कधीकधी महिनोन्महिने. म्हणूनच अंगावर राहणाऱ्या उत्पादनांत साध्या बर्गमॉट तेलाची मर्यादा ०.४ टक्के आहे. बर्गाप्टेन काढलेलं तेल मिळतं, बाटलीवर एफसीएफ (फ्युरोकुमारिन-फ्री) लिहिलेलं असतं. ते नसेल तर दुचाकीवर निघताना मानेवर अजिबात नको. वाफेवर काढलेल्या कागदी लिंबाच्या तेलाला ही भीती नाही.

सायली_को
हे वर चिकटवून ठेवा, बाकी भांडण नंतर. पण गंधवेल, माझ्या मुद्द्याला तुम्ही उत्तरच दिलं नाहीत.

गंधवेल
देते. कमी अर्काचं कोलोन घेण्यामागे स्वभाव असू शकतो, एवढं मानते. पण तो स्वभाव प्रमाणात दिसतो, लिंबात नाही. तोच माणूस दोन टक्क्यांचा गुलाबही घेईल. आणि सिट्रसचे दहा फवारे मारून मीटिंगला येणारे, एसीत अख्खी खोली आंबवणारे, त्यांना तुम्ही भिडस्त म्हणणार का?

सायली_को
नाही म्हणणार. पण गुलाब दोन टक्क्यांतही तासन् तास रेंगाळतो, सिट्रसला मर्यादा अंगचीच असते. म्हणून भिडस्त माणसाचा हात आधी त्याच बाटलीकडे जातो. दहा फवारे मारणाऱ्यांना बाष्प यांचा मॉइश्चरायझरवाला उपाय वाचायला द्या, तीन फवाऱ्यांत भागेल.

पेठेतला_फाया
दोनशेच्या कुपीत चंदन नसतं. लिहून दिलं. ती अत्तर म्हणून घ्या, चंदन म्हणून नको, आणि दुकानदाराला बैठक कशाची आहे ते सरळ विचारा. चांगला दुकानदार सांगतो.