शब्दचर्चा: सिन्यूक्लिनचा मुक्काम 'केंद्रात', 'केंद्रकात' की आणखी कुठे?

प्रश्न
वडिलांना कंपवात (पार्किन्सन) आहे. आमच्यासारख्या घरांसाठी मी मराठीत चार पानी माहितीपत्रक लिहिते आहे. त्यातल्या एका वाक्यावर अडले: 'अल्फा-सिन्यूक्लिन हे प्रथिन मेंदूतल्या पेशींच्या केंद्रात साचते.' मूळ मजकुरात न्यूक्लियस होतं. 'केंद्र' चालेल का? आणि या साचलेल्या प्रथिनाच्या गोळ्याला लेवी बॉडी म्हणतात, त्याला 'लेवी पिंड' म्हणू का?

उत्तर
ताई, छापण्याआधी विचारलंत ते बरं झालं. त्या वाक्यात शब्दही चुकलाय आणि जागाही.

आधी शब्द. 'केंद्र' म्हणजे नुसता मध्य. पेशीच्या न्यूक्लियसला शाळेपासून आपण 'केंद्रक' म्हणतो, अणूच्याही. पण मेंदूच्या अभ्यासात न्यूक्लियसला तिसरा अर्थ आहे: एका कामाला लागलेल्या चेतापेशींचा घोळका. फसगत तिथेच होते. लेवी बॉडी म्हणतात ते गोळे फ्रिडरिख लेवी यांनी १९१२ मध्ये पहिल्यांदा नोंदवले, त्यातली एक जागा व्हेगस चेतेचा न्यूक्लियस, म्हणजे पेशींचा समूह. तिथे 'केंद्रक' लिहिलं तर गोळे पेशीच्या गाभ्यात आहेत असाच वाचकाचा समज होईल. मी अशा ठिकाणी 'पेशीपुंज' लिहितो.

आता जागा. गंमत म्हणजे प्रथिनाच्या नावातच दोन पत्ते आहेत. 'सिन' आलं सिनॅप्समधून, म्हणजे दोन चेतापेशींच्या सांध्यावरून, 'न्यूक्ल' न्यूक्लियसमधून. १९८८ साली विजेचा धक्का देणाऱ्या टॉर्पेडो माशावर काम करताना हे प्रथिन चेतापेशींच्या टोकांशी आणि केंद्रकापाशीही दिसलं, म्हणून तसं नाव पडलं. पुढे बहुतेक अभ्यासांत त्याची मुख्य वस्ती टोकांशीच आढळली. एक चेतापेशी दुसरीला निरोप देते तिथे, रसायनं भरलेल्या बारीक पुटिकांना लगटून ते असतं. केंद्रकातलं अस्तित्व मात्र वादाचं राहिलं, कारण प्रथिन ओळखायला वापरलेली काही प्रतिपिंडं (अँटीबॉडी) भलत्यालाच चिकटतात अशी शंका होती. नाव तेवढं तसंच राहिलं.

आणि आजारात ते साचतं ते तिसऱ्याच जागी. १९९७ मध्ये मारिया ग्राझिया स्पिल्लांतिनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लेवी बॉडीत हेच प्रथिन असतं. हा गोळा पेशीच्या मुख्य भागात असतो, पण केंद्रकाबाहेर, पेशीद्रवात. पेशीच्या लांब फाट्यांमध्येही तसाच साठा दिसतो.

आणखी एक उत्तर
मी पॅथॉलॉजीत काम करते. वरच्या दादांनी सांगितलं ते काचपट्टीवर स्पष्ट दिसतं: मधे गुलाबी गोल, भोवती फिकट कडं, आणि केंद्रक बाजूला वेगळं.

'पिंड' मात्र कृपया नको. शास्त्राच्या पुस्तकात तो शब्द बसेलही, पण तुमचं पत्रक कोण वाचणार आहे? ज्यांच्या घरात आजारी माणूस आहे ते. त्यांना पिंड म्हटलं की दहावा आठवतो. 'लेवी गोळे' म्हणा. 'लेवी' हे माणसाचं नाव आहे हेही एका ओळीत सांगा.

प्रश्नकर्ती
पिंडाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आईने वाचलं असतं तर तिला काय वाटलं असतं! वाक्य आता असं केलंय: 'अल्फा-सिन्यूक्लिन हे प्रथिन एरवी चेतापेशींच्या टोकांशी असते. कंपवातात ते पेशीच्या आत, पण केंद्रकाबाहेर, गोळा होऊन साचते. या साठ्याला लेवी गोळे म्हणतात.'

उत्तर
उत्तम. फक्त 'गोळा होऊन'च्या जागी 'गुठळ्या होऊन' करा. 'गोळा होणे' म्हणजे नुसतं जमणं. इथे प्रथिनाची घडी बिघडते आणि त्याचे रेणू एकमेकांना चिकटून तंतू बनतात. ते चिकटणं 'गुठळी'त येतं. मात्र रक्ताची गुठळी कुणी समजू नये म्हणून 'प्रथिनाच्या गुठळ्या' असं पूर्ण लिहा.