काजू फॅक्टरीत मशीन आलं, मालक म्हणतात व्हिएतनाममुळे परवडत नाही. कागदावर सही करू का?

काजीची_बी (वेंगुर्ला)

नमस्कार मंडळी. मी इथे एका काजू फॅक्टरीत कामाला आहे. आहे म्हणायचं की होते, तेच विचारायला धागा काढलाय.

सतरा वर्षं झाली. सुरुवात कटिंगला केली. पायाने दांडा दाबायचा, हाताने बी धरायची, टरफल फुटलं की समोरची बाई सुईने गर काढणार. चिकाने बोटांची सालं निघायची. हातमोजे मागितले की सुपरवायझर म्हणायचा, मोज्यात हात चालत नाही. ते खरंच होतं, आणि पैसे किलोवर असल्यावर हात न चालून कसं भागेल? मग राख आणि खोबरेल लावून बसायचो. पुढे पिलिंगला गेले, आता बरीच वर्षं ग्रेडिंगला आहे. 240 कुठला, 320 कुठला (एका पौंडात किती गर बसतात त्यावरून हा आकडा), पाकळी, तुकडा, डागी, हे मला गर हातात न घेता सांगता येतं.

गेल्या वर्षी साल काढायचं मशीन आलं. त्यामागून कॅमेऱ्याने गर निवडणारं मशीन आलं. ते बसवायला आलेला मुलगा चांगला होता बिचारा. त्याने आम्हा ग्रेडिंगवाल्या बायकांनाच बसवलं आणि विचारलं, यातला डागी कुठला, जळका कुठला, चांगला कुठला. आम्ही ताटं भरभरून वेगळे करून दिले. ते बघून त्याने मशीन लावलं. आता मशीनवर दोन मुलगे आहेत आणि आम्ही घरी.

आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज यायचे, 'उद्या बी नाही, कोणी येऊ नये.' मग आठवड्यातून दोन-तीनदाच बोलवायला लागले. आता एकेकीला ऑफिसात बोलावून पाच हजार रुपये आणि एक इंग्रजी कागद पुढे ठेवतात. माझ्या मुलीने वाचून सांगितलं की त्यात 'स्वखुशीने काम सोडत आहे, सर्व हिशेब मिळाला, काही येणे नाही' असं आहे. काही जणींनी सही केली. गणपती तोंडावर, हातात रोख पाच हजार, कोण नाही म्हणेल?

मालकांचं म्हणणं असं की आफ्रिकेत बी महागली, डॉलर चढला, व्हिएतनामवाले मशीनवर स्वस्तात करतात, त्यात कोणाचाच दोष नाही. मी त्यांना खोटं म्हणत नाही. पोती मी बघितली आहेत, त्यांवर टांझानिया छापलेलं असतं. (पाकिटावर 'अस्सल कोकणी काजू' आणि माडाचं चित्र. ते असो.)

तर विचारायचं एवढंच: हे व्हिएतनामचं खरं आहे का? आणि खरं असेल तर आम्हाला मागण्यासारखं काही उरतं का?

छोटा_कारखानदार (दोडामार्ग)

ताई, माझं छोटं युनिट आहे, त्यामुळे मालकाच्या बाजूने थोडं बोलतो. रागावू नका.

देशात जेवढी बी पिकते तेवढी किंवा त्याहून जास्त बाहेरून आणावी लागते. आपल्याकडची बी मार्च ते मे. पश्चिम आफ्रिकेची साधारण फेब्रुवारी ते जून, टांझानियाची ऑक्टोबरपासून. खरेदी डॉलरमध्ये, आणि प्रत अजून पौंडात मोजतात, म्हणजे 80 किलोच्या पोत्यातून किती पौंड गर निघेल. 52 सांगून 46 चा माल आला की त्या कंटेनरपुरता माणूस बसला.

व्हिएतनामने 2006 च्या सुमारास गराच्या निर्यातीत आपल्याला मागे टाकलं. त्यांचीही बहुतेक बी आफ्रिका आणि कंबोडियातून येते. सगळं काम मशीनवर, म्हणून खरेदीत चार पैसे जास्त मोजले तरी त्यांना परवडतं. त्यात आफ्रिकेतले देश आता म्हणतात, फोडायचं काम आमच्या माणसांना द्या. बेनिनने 2022 मध्येच जाहीर केलं होतं की एप्रिल 2024 पासून कच्ची बी बाहेर जाऊ देणार नाही. त्यांचं काय चुकलं?

तेव्हा मालक अगदीच थापा मारत नाहीत. पण एक गोष्ट त्यांनी सांगितलेली दिसत नाही. बाहेरून येणाऱ्या तयार गरावरचं शुल्क सरकारने 2019 मध्ये 45 वरून 70 टक्के केलं. म्हणजे व्हिएतनाम आपल्याला इथल्या दुकानात गाठत नाही, तिकडच्या खरेदीत गाठतो. इथलं गिऱ्हाईक अजून आपलंच आहे. मशीन घेतलं ते टिकण्यासाठी असेल, तसंच नफ्यासाठीही असेल. मी घेतलं नाही, कारण बँकेने दिलं नाही.

बागायतदार_आजगाव

कारखानदारसाहेब, गरावर 70 आणि कच्च्या बीवर फक्त अडीच टक्के, हेही लिहा की. 2018 च्या बजेटमध्ये पाचावरून अडीच केलं. आफ्रिकेची बी बंदरात उतरली की आमचा दर पडतो. किलोमागे दहा रुपयांचं अनुदान 2024 मध्ये आलं, त्यासाठी कागद किती रंगवले ते आम्हाला विचारा. बाहेरची बी बंद करा, इथली घ्या.

छोटा_कारखानदार (दोडामार्ग)

बंद करा म्हणता, पण जूननंतर फोडायचं काय? आणि ताईंच्या धाग्यात आपलं भांडण नको.

काजीची_बी (वेंगुर्ला)

भांडा हो, मला दोन्ही बाजू कळतात. माझ्या घरीही काजीची चार कलमं आहेत. मे महिन्यात बी विकताना दर पडला म्हणून मीच शिव्या घालते आणि जूनमध्ये कंटेनर आला नाही म्हणूनही मीच.

निवृत्त_कामगार_खाते

ताई, पहिली गोष्ट, सही करू नका. ज्यांनी केली त्यांनीही आशा सोडू नये. इंग्रजी कागद न समजावता सही घेतली, हे सांगता येतं आणि ते ऐकलं जातं. तुमच्यासाठी मात्र सरळ वाट मोकळी आहे.

तुमचा मालक उद्या म्हणेल की हा हंगामी धंदा आहे. हे नीट लक्षात घ्या, कारण अख्खा हिशेब तिथे फिरतो. हंगामी ठरलात तर ग्रॅच्युइटी (नोकरी सुटताना वर्षांच्या हिशेबाने मिळणारी रक्कम) हंगामामागे सात दिवसांची, बारमाही असाल तर वर्षामागे पंधरा दिवसांची. काम नाही म्हणून घरी बसवलेल्या दिवसांची निम्मी भरपाईही हंगामी ठिकाणी किंवा पन्नासपेक्षा कमी कामगार असतील तर मिळत नाही. आता कारखानदारांनी वर काय लिहिलंय ते पुन्हा वाचा. इथली बी मे महिन्यात संपते आणि ऑक्टोबरपासून टांझानियाची येते. तुम्ही टांझानियाची पोती बघितलीत म्हणता, म्हणजे तुमची फॅक्टरी आंब्या-काजूच्या मोसमापुरती चालत नव्हती. ज्या आयातीचं रडगाणं मालक गातात, तीच आयात तुमचं बारमाही काम सिद्ध करते. वर्षात 240 दिवस भरले की झालं.

पुरावा काय, असं विचाराल. नेमणूकपत्र नसणारच. नव्या कायद्यांत ते प्रत्येकाला देणं सक्तीचं आहे, पण जुन्या बायकांना कोण देतो. तुमच्याकडे वजनाच्या चिठ्ठ्या असतील, बँकेत पगार जमा झाला असेल तर पासबुक. आणि तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. 'उद्या येऊ नये' असं फक्त रोज येणाऱ्या माणसालाच सांगतात. ग्रुपमधून काढून टाकायच्या आत सगळे मेसेज तारखेसकट जपून ठेवा. आज रात्रीच.

आता आकडे. चार कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या, त्यामुळे कायद्यांची नावं बदलली, पण कपातीची, म्हणजे कामावरून कमी केल्याची भरपाई तीच राहिली: एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. ग्रॅच्युइटी वेगळी. किलोवर काम करणाऱ्यांची ग्रॅच्युइटी शेवटच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर धरतात. समजा दिवसाला 280 रुपये पडत होते. पंधरा दिवसांचे 4,200, गुणिले सतरा, म्हणजे 71,400. कपातीची भरपाई साधारण तेवढीच पुन्हा. त्याच्यापुढे पाच हजार ठेवलेत तुमच्यासमोर.

इथे एक मेख आहे. गेले काही महिने आठवड्यातून दोन-तीनदाच बोलावलं, म्हणजे महिन्याची कमाई घटली. सरासरी काढताना ती घट तुमच्या अंगावर टाकू देऊ नका. आधीच्या वर्षाचं पासबुक सोबत न्या. शिवाय किलोचा दर काहीही असो, दिवसभर काम करणाऱ्याला किमान वेतनापेक्षा कमी पडता कामा नये. पडत असेल तर तो फरकही मागा.

हल्ली एक नवीन तरतूदही आहे. कमी केलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने पंधरा दिवसांच्या पगाराएवढी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरायची, आणि ती 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात यायला हवी. मालकांना हे माहीत असतं, ते सांगत नाहीत एवढंच.

ग्रॅच्युइटीचा अर्ज तीस दिवसांत मालकाकडे द्या आणि पोच घ्या. बाकीसाठी ओरोसला कामगार खात्याचं कार्यालय आहे. एकेकटीने जाऊ नका, आठ-दहा जणी मिळून अर्ज द्या, प्रत्येकीची नोकरीची वर्षं वेगळी लिहा. आणि पीएफ कापत होते का ते उमंग अ‍ॅपवर बघा. कापत असतील तर तुमची सतरा वर्षं सरकारच्याच दप्तरात लिहिलेली आहेत.

लालबाग_ते_मालवण

बाये, ह्या साहेबान सांगितल्यान ता ऐक गो. मी 18 जानेवारी 82 च्या संपात होतंय. अडीच लाख गिरणी कामगार. तेव्हाय आमका सांगत, सुरतेक पावरलूमर कपडो स्वस्त होता, गिरणी परवडणा नाय. आमी गावाक इलंव, आवशीन इचारल्यान, हिशोब घेतलंस काय? खंयचो हिशोब! ज्यांच्याकडे तिकीट नि पगाराच्यो चिठ्ठ्यो होत्यो, तेंका पुढे कायतरी मिळाला. बाकीचे अजून हेलपाटे घालतत. चिठ्ठ्यो जपून ठेव.

काजीची_बी (वेंगुर्ला)

सगळ्यांचे आभार. काका, चिठ्ठ्या आहेत. सगळ्या नाहीत, पाच-सहा वर्षांच्या आहेत. मेसेज मुलीने काढून ठेवले. पीएफ बघितला, माझं नाव मधली तीन वर्षंच दिसतंय, आधीची नाहीत, नंतरचीही नाहीत. पगारातून मात्र कापल्यासारखं आठवतंय. त्याचं काय करायचं?

आणि मालकांना फोन केला होता. म्हणाले, तू तर घरची माणूस, तुझं वेगळं बघू. मी म्हटलं, बाकीच्याही घरच्याच आहेत.

निवृत्त_कामगार_खाते

पीएफची तक्रार वेगळी, पीएफ कार्यालयाकडे करायची, ऑनलाइन होते. त्या तीन वर्षांचा उतारा काढून ओरोसच्या अर्जालाही जोडा. कापून भरले नसतील तर तो मालकाच्या अंगाशी येणारा प्रकार आहे. 'वेगळं बघू' म्हणाले ना, ते लेखी मागा. देणार नाहीत, पण मागा.

साल_काढणारी

आम्ही फॅक्टरीत जात नाही, गर घरी आणून साल काढून देतो. मशीन आल्यापासून आमचं तर सांगितलंही नाही, टेम्पो यायचा तो बंदच झाला. आमचं यातलं काही लागू होतं का?

निवृत्त_कामगार_खाते

तुमचं कठीण आहे, खोटी आशा दाखवत नाही. ई-श्रमवर (असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीत) नाव नसेल तर आधी ते घाला. गर कोण आणून द्यायचं, त्याच्याकडे वही होती का, पैसे रोख की खात्यात, हे लिहून वेगळा धागा काढा. इथे दोन्ही प्रकरणं मिसळली तर ताईंच्या कामाचा गोंधळ होईल.

काजीची_बी (वेंगुर्ला)

टेम्पो आमच्याच फॅक्टरीचा असेल तर गाडीचा रंग सांगा. वही कोणाकडे असते ते मला माहीत आहे.