बाबांना पाणी मागता येत नाही, पण आरती अख्खी म्हणतात. असं का?

बार्शीची_लेक: बाबा ७१ वर्षांचे, एसटीतून निवृत्त. फेब्रुवारीत मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात अजून लुळा आहे. पाणी हवं असलं की "ते... ते..." करत तांब्याकडे बघतात आणि चिडतात. पण आईने आरती सुरू केली की शेवटच्या कडव्यापर्यंत स्पष्ट म्हणतात. सोळाचा पाढासुद्धा! परवा काका त्यांच्यासमोरच म्हणाले, "येतंय की बोलता, नाटकं करतोय." बाबांचे डोळे भरून आले. काकांना काय सांगू?

वाचाउपचार_पुणे: ताई, काकांना ठामपणे सांगा, हे नाटक नाही. हा अफेजिया वाटतो, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने भाषा नीट वापरता न येणं. आरती, पाढे, वारांची नावं, रागातली शिवी हे सगळं घोटून तयार असतं. "मला पाणी दे" म्हणायला मात्र शब्द शोधून वाक्य नव्याने जुळवावं लागतं. बहुतेकांत ते काम डावा मेंदू करतो, आणि इजा तिथेच झालीय. ही गोष्ट फार जुनी आहे. १७४५ मध्ये स्वीडनच्या ओलोफ दालिन यांनी वाचा गेलेला, पण प्रार्थनागीतं म्हणू शकणारा माणूस नोंदवलाय. पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांच्या १८६१ च्या रुग्णाला "तां" एवढंच म्हणता येई, पण संतापला की शिवी निघे.

एक कळकळीने सांगते. आरती रोज म्हणू द्या, त्यांना बरं वाटेल. पण नुसत्या आरतीने बोलणं परत येत नाही. चाल वापरायची ती रोजच्या गरजेच्या वाक्यांसाठी. बाबांच्या डाव्या हाताने ठेका धरायचा आणि "पाणी दे" दोन सुरांत, सावकाश, दोघांनी मिळून म्हणायचं. मग आपला आवाज हळूहळू कमी करायचा. १९७० च्या दशकात बॉस्टनमध्ये ही पद्धत बसवली गेली. सगळ्यांना सारखी लागू पडत नाही, म्हणून आधी स्पीच थेरपिस्टकडून तपासणी करून घ्या.

साताऱ्याची_सून: माझ्या सासूबाई "हो" म्हणायचं असताना "नाही" म्हणायच्या. आम्ही अंगठा वर-खाली ठरवलं आणि चहा, पाणी, संडास, दुखतंय यांची चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवली. चिडचिड बरीच कमी झाली. आणि एका वेळी एकानेच बोला, टीव्ही बंद ठेवून.

बार्शीची_लेक: काकांना हे सगळं वाचून दाखवते. रोज सोलापूरला नेणं जमणार नाही. फोनवर होतं का?

वाचाउपचार_पुणे: व्हिडिओ कॉलवर होतं. पहिली तपासणी तेवढी समोरासमोर करा. जाताना सीटी-एमआरआयचे रिपोर्ट न्या आणि बाबा काय काय म्हणू शकतात ते मोबाइलवर रेकॉर्ड करून न्या.