राइट क्लिकमध्ये 'एक्स्ट्रॅक्ट हिअर' येत नाही, मदत हवी आहे

माळरान:
झिप फाइलवर राइट क्लिक केलं की पूर्वी 'एक्स्ट्रॅक्ट हिअर' यायचं, आता नाहीच. आत काय आहे तेही दिसत नाही. अंकाचे सगळे लेख त्यात अडकलेत, उद्या छापखान्यात द्यायचेत. लवकर सांगा.

चकवाचांदणं:
विंडोज ११ ना? शिफ्ट दाबून राइट क्लिक करा, जुना मेनू येतो. झिप सोडवणारं सेव्हन-झिप टाकलेलं असेल तर त्यात सापडेल.

माळरान:
विंडोज नाही, लिनक्स आहे.

काळी_खिडकी:
लिनक्स म्हणजे कोणतं? डेस्कटॉप कोणता? आणि मेनू हवाच कशाला? टर्मिनलमध्ये, म्हणजे आदेश टाइप करायच्या खिडकीत, अनझिप, मग डॅश एल, मग फाइलचं नाव. आतली यादी समोर. डॅश एल काढलंत की फाइल सुटते.

दुपारची_वेळ:
काळी_खिडकी, घाईत असलेल्या माणसाला टर्मिनल कुठे शिकवताय? माळरान, आधी डेस्कटॉप सांगा.

काळी_खिडकी:
एका ओळीचं काम आहे, त्यात शिकण्यासारखं काय?

माळरान:
डेबियन, एक्सएफसीई. गेल्या आठवड्यात नव्याने टाकलं.

दुपारची_वेळ:
हे आधी हवं होतं! एक्सएफसीईमधल्या थुनार या फाइल मॅनेजरला स्वतःला झिप सोडवता येत नाही. 'थुनार-आर्काइव्ह-प्लगइन' मेनूत पर्याय आणतं, पण प्रत्यक्ष काम एन्ग्राम्पा, फाइल-रोलर किंवा एक्सआर्कायव्हर करतो. नुसतं एक्सएफसीई टाकलं तर प्लगइन येत नाही, ते 'गुडीज' नावाच्या जादा पॅकेजात असतं. प्लगइन आणि एन्ग्राम्पा दोन्ही टाका, 'थुनार डॅश क्यू' देऊन थुनार बंद करा, पुन्हा उघडा. मग डबल क्लिक केलं की फाइल न सोडवताही आतली यादी दिसेल.

जुनी_पेटी:
झिप १९८९ मध्ये फिल कॅट्झने आणलं, आजही कुठेही उघडतं. लोक आरएआर हा झिपसारखाच दुसरा प्रकार का पाठवतात कळत नाही. त्याला वेगळं 'अनरार' लागतं.

चकवाचांदणं:
मोठी फाइल तुकड्यांत पाठवायला आरएआर सोयीचं पडतं.

जुनी_पेटी:
तुकडे झिपचेही होतात.

माळरान:
पर्याय आला! लेखही सुटले. पण फाइलींची मराठी नावं गेली, नुसती विचित्र चिन्हं दिसतायत. आता?

दुपारची_वेळ:
मजकूर शाबूत असतो, फक्त नावं बिघडतात. झिप बनवताना नावं युनिकोडमध्ये आहेत अशी खूण करायची राहून गेली की असं होतं. 'उनार' टाका आणि त्याने सोडवून बघा, ते नावांचं एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) स्वतः ओळखायचा प्रयत्न करतं. तरीही जमलं नाही तर फाइली उघडून नावं हाताने द्या, उद्यापर्यंत होईल.

चकवाचांदणं:
लेख युनिकोडमध्ये आहेत की श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये? छापखाना पानं मांडायला जुनं पेजमेकर वापरत असेल तर त्यात युनिकोड चालत नाही, आत्ताच फोन करून विचारा.