ग्राहकाला विचारावे, की त्याच्याकडे नुसते पाहावे?

तळमजला (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात येथील एका सदस्यांनी नवउद्योजकांसाठी लिहिलेल्या लेखात बाजार संशोधन म्हणजे निव्वळ पैशाचा अपव्यय, असा निकाल देऊन टाकला. ग्राहकाला काय हवे हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसते, हे त्यामागचे कारण. पुराव्यादाखल त्यांनी तीन उदाहरणे दिली: फोर्ड आणि त्यांचे वेगवान घोडे, १९८५ साली कोका-कोलाने चव बदलून आणलेला ‘न्यू कोक’ आणि आपली टाटा नॅनो. त्या लेखाखाली ‘सहमत’ म्हणणाऱ्यांची रांग पाहून, उमेदीची सगळी वर्षे याच व्यवसायात काढलेल्या माझ्यासारख्याला गप्प बसवेना, म्हणून हा वेगळा धागा.

लोकांना विचारले असते तर त्यांनी अधिक वेगवान घोडे मागितले असते, असे हेन्री फोर्ड म्हणाल्याचा पुरावा आजवर कोणाला सापडलेला नाही. त्यांच्या कंपनीचा इतिहास तर नेमका उलटी साक्ष देतो. १९०८ साली आलेल्या मॉडेल टीने बाजार जिंकला खरा, पण १९२० च्या दशकात आल्फ्रेड स्लोन यांच्या जनरल मोटर्सने प्रत्येक खिशाला परवडेल अशी वेगळी गाडी, निरनिराळे रंग, दरवर्षी बदलणारे रूप आणि हप्त्यांची सोय देऊ केली, तेव्हाही फोर्ड आपली एकच गाडी धरून बसले. अखेर १९२७ साली त्यांना मॉडेल टी बंद करावी लागली आणि नव्या गाडीच्या तयारीसाठी कारखाने काही महिने थांबवावे लागले. ग्राहकाचे न ऐकल्याची किंमत दाखवणारे हे उदाहरण आपल्याकडे न विचारण्याच्या समर्थनार्थ फिरवले जाते, याला काय म्हणावे?

न्यू कोकच्या वेळी सुमारे दोन लाख लोकांना चव देऊन मते घेतली होती, हे खरे आहे. परंतु ती घोटभर चव होती, आणि घोटभर चवीत गोड पेय सहसा पुढे जाते. शिवाय, हे नवे पेय आले की जुने दुकानातून कायमचे जाईल, तर तुम्हाला चालेल का, हा प्रश्न त्या चव चाचण्यांत विचारलाच गेला नव्हता. छोट्या गटचर्चांमध्ये काही लोकांचा राग दिसला होता, पण दोन लाखांच्या आकड्यासमोर त्या मूठभरांची दखल कोण घेणार? २३ एप्रिलला नवे पेय बाजारात आले आणि ११ जुलैला जुने परत आणण्याची घोषणा करावी लागली. येथे संशोधन जास्त झाले नव्हते, भलत्याच गोष्टीचे झाले होते.

मसालेवाला

धागाकर्त्यांचे लेखन अभ्यासपूर्ण आहे, पण ते अमेरिकेत फिरून आले आणि सांगलीला पोहोचलेच नाही.

आमचा भाजणी, मेतकूट आणि चटण्यांचा वडिलोपार्जित व्यवसाय आहे. काही वर्षांपूर्वी एका एजन्सीच्या सल्ल्याने आम्ही पुण्यातील एका हॉटेलात गृहिणींची गटचर्चा घडवली. मी स्वतः काचेपलीकडे बसलो होतो. कमी तेलाच्या, कमी मिठाच्या चटणीचे असे काही कौतुक झाले की मला वाटले, यंत्रे आता दोन पाळ्यांत चालवावी लागणार. एका बाईंनी आरोग्याचा विषय काढला आणि मग उरलेल्या सगळ्या जणी त्यांच्या सुरात सूर मिसळून बोलू लागल्या. माल बाजारात गेला आणि मुदत संपलेली पाकिटे पोत्यांनी परत आली. एजन्सीचे बिल मात्र चोख वसूल झाले.

याउलट, आमच्या एका जुन्या किराणा दुकानदाराच्या गल्ल्याशेजारी बसून मी जे पाहिले ते कोणत्याही अहवालात नव्हते. भाजणी घेणारी बाई आधी पाकीट उलटे करते, मग ते दाबून शिवणीला नाक लावते आणि त्यानंतर किंमत पाहते. तिला खवटपणाची भीती असते. आम्ही पॅकिंगची तारीख मागच्या कोपऱ्यातून उचलून पुढे ठळक छापली आणि पाकिटे लहान केली. विक्री वाढली. यासाठी मी कोणालाही एक प्रश्न विचारला नाही.

नॅनोचे काय, ते तुम्ही सोयीस्करपणे गाळलेत. ‘सर्वांत स्वस्त गाडी’ दारात उभी करायला कोणालाच आवडणार नाही, हे सांगायला सर्वेक्षण कशाला हवे? लग्ने जमवणाऱ्या कोणत्याही आत्याबाईंनी चहा पिता पिता सांगितले असते.

तळमजला

आत्याबाईंनी सांगितले असते, पण त्यासाठी त्यांना विचारावे लागले असते ना? माझे दुसरे म्हणणे काय आहे?

नॅनो गाळली नव्हती, लांबी पाहून थांबलो होतो. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात गाडी दाखवली गेली तेव्हा स्कूटरवरून चौघांनी जाणाऱ्या कुटुंबाची गरज अचूक हेरलेली होती आणि लाखाची किंमतही त्याच हिशोबाने ठरली होती. कारखाना पश्चिम बंगालमधल्या सिंगूरहून गुजरातेत साणंदला हलवावा लागणे, सुरुवातीच्या काही गाड्यांनी पेट घेणे या अडचणी होत्याच. पण ‘सर्वांत स्वस्त’ ही ओळख गाडीला नडली, हे पुढे खुद्द रतन टाटा यांनी जाहीरपणे मान्य केले. गरज तपासली गेली, प्रतिष्ठा तपासायची राहिली.

तुमच्या गटचर्चेविषयी सांगायचे, तर एका बाईंच्या मागे बाकीच्या जात असताना त्यांना न थांबवणारा चर्चेचा संचालक निकामी होता. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४० च्या दशकात रेडिओच्या श्रोत्यांवर ही पद्धत घडवली ती लोकांना एखादी गोष्ट कशी भावते आणि का, हे उलगडण्यासाठी. किती पाकिटे खपतील हे गटचर्चेला विचारणे म्हणजे तापमापकाने वजन करणे होय.

आकडेमोड

दोघांचाही वाद गेल्या शतकातला आहे, असे नम्रपणे नमूद करतो. मी एका ॲपच्या कंपनीत काम करतो. आम्ही कोणाला काही विचारत नाही आणि कोणाच्या गल्ल्याशेजारीही बसत नाही. निम्म्या वापरकर्त्यांना एक पडदा दाखवतो, निम्म्यांना दुसरा, आणि ज्याच्यावर अधिक खरेदी होते तो ठेवतो. माणूस काय बोलतो याला शून्य महत्त्व आहे, तो काय करतो तेवढेच खरे. ‘नक्की घेईन’ असे सांगणारे आणि प्रत्यक्षात घेणारे यांच्यात किती अंतर असते, हे मसालेवाल्यांच्या पोत्यांनी सिद्ध केलेच आहे. प्रश्नावल्या आता संग्रहालयात ठेवाव्यात.

उन्हातली फाइल

आकडेमोड साहेब, आपल्या ॲपवर जी बाई कधी आलीच नाही, ती आपल्या कोणत्या निम्म्यात असते?

आपल्यापैकी कोणीही ज्यांचा उल्लेख केला नाही, त्यांच्यापैकी मी एक. नाशिक आणि सोलापूर या भागांत मी बरीच वर्षे घरोघरी जाऊन सर्वेक्षणाचे फॉर्म भरले. पद्धतींवर येथे विद्वत्तापूर्ण चर्चा चालली आहे, म्हणून पद्धत जमिनीवर कशी उतरते ते सांगते. सुरुवातीचा पत्ता दिलेला असतो, तेथून उजव्या हाताची बाजू धरून घरे मोजत जायचे, घर मिळाले की सदस्यांची यादी करून किश ग्रिड नावाच्या तक्त्यावरून नेमकी कोणाची मुलाखत घ्यायची ते ठरवायचे. ग्रिडमध्ये नेमका दुकानावर गेलेला थोरला मुलगा येतो आणि घरी असते ती बोलायला उत्सुक असलेली सासू. मग संध्याकाळी पुन्हा जा, रविवारी पुन्हा जा. पैसे मिळतात ते पूर्ण झालेल्या फॉर्ममागे, हेलपाट्यांचे नाहीत. प्रश्नावली पाऊण तासाची असते, कारण मुंबईतल्या प्रत्येक ब्रँड मॅनेजरला आपला एक प्रश्न त्यात घुसवायचा असतो. एकोणिसाव्या ब्रँडला दहापैकी गुण देताना समोरची बाई गॅसकडे पाहत असते. मोठ्या सोसायट्यांचा वॉचमन फाटकातूनच परत पाठवतो. म्हणून ज्यांच्या मतासाठी कंपन्या सर्वाधिक पैसे मोजतात, ती सुखवस्तू घरेच सगळ्यांत कमी भेटतात.

आकडेमोड

म्हणूनच निम्मे फॉर्म झाडाखाली बसून भरले जातात, हे उघड गुपित आहे. ताईंनी ते मान्य करावे आणि मग आम्हाला विज्ञान शिकवावे.

उन्हातली फाइल

आपण मला खोटारडी म्हटले आहे, तेव्हा उत्तरही तशाच भाषेत ऐका. झाडाखाली फॉर्म भरणारे काही जण मी पाहिले आहेत. पर्यवेक्षकाने फेरतपासणीत पकडल्यावर त्यांचे पूर्ण आठवड्याचे काम रद्द झालेलेही पाहिले आहे. मात्र एका दिवसात इतक्या मुलाखती झाल्याच पाहिजेत असा अशक्य कोटा ठरवणारा वातानुकूलित कार्यालयात बसून होता, आणि त्याची फेरतपासणी कोणीही केली नाही. आता टॅब्लेट आले, त्यावर ठिकाण आणि वेळ नोंदली जाते, आवाजही मुद्रित होतो. त्यामुळे फसवणूक अवघड झाली. मोबदला तेवढा होता तिथेच राहिला.

वऱ्हाडी ठेचा

ताईंच्या फाटकावरच्या वॉचमनवरून आमच्या नागपूरची गोष्ट आठवली. भारतीय वाचक सर्वेक्षण २०१३ चे निष्कर्ष जानेवारी २०१४ मध्ये जाहीर झाले आणि त्यानुसार नागपुरात ‘हितवाद’ला एकही वाचक नव्हता! प्रमाणित खप साठ हजारांवर असलेले इंग्रजी दैनिक, आणि वाचक शून्य. देशभरातल्या मोठ्या वृत्तपत्रसमूहांनी संयुक्त निवेदन काढून हे उदाहरण दिले आणि सर्वेक्षण स्थगित ठेवावे लागले. आमच्या घरी रोज सकाळी जो अंक पडत होता, तो कोण वाचत होते?

मसालेवाला

हा पुरावा मी जपून ठेवतो. धागाकर्ते आता म्हणतील की प्रश्न चुकला.

तळमजला

प्रश्न नव्हे, नमुना. आणि आकार मोठा असला म्हणून नमुना बरोबर ठरत नाही, हे तर १९३६ पासून जगाला माहीत आहे. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचा अंदाज घेण्यासाठी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अमेरिकेत सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, जवळपास चोवीस लाख परत आल्या आणि लँडन जिंकणार असे त्यांनी छापले. रूझवेल्ट यांनी अठ्ठेचाळीसपैकी सेहेचाळीस राज्ये घेतली. पत्ते घेतले होते टेलिफोन आणि मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांतून, आणि उत्तर पाठवण्याची तसदी घेणारेही विशिष्ट मताचेच अधिक होते. आकडेमोड यांच्या ॲपवरचे कोट्यवधी वापरकर्ते मला त्या चोवीस लाखांसारखेच वाटतात.

आणि कृतीवर एवढा विश्वास असेल, तर कृतीही विकत घेता येते हे विसरू नये. २०२० साली मुंबईत टीआरपीचे, म्हणजे वाहिन्यांच्या प्रेक्षकमोजणीचे, प्रकरण गाजले, त्यात आरोप हाच होता की मीटर बसवलेल्या घरांना पैसे देऊन ठराविक वाहिनी लावून ठेवायला सांगितले जात होते. तेथे कोणालाही प्रश्न विचारलेला नव्हता.

पाचपैकी चार

विषय निघालाच आहे तर माझेही गाऱ्हाणे नोंदवतो. गाडी सर्व्हिसिंगला दिली की दुसऱ्या दिवशी फोन येतो आणि पलीकडचा मुलगा काकुळतीला येऊन सांगतो, ‘साहेब, दहाच द्या, नऊ दिले तरी आम्हाला बोलणी बसतात.’ काम ठीकठाक झाले होते, माझ्या शाळेच्या शिस्तीप्रमाणे आठ म्हणजे उत्तम. हा प्रकार आता सलूनपासून इस्पितळापर्यंत पोहोचला आहे. यातून कोणाला काय कळते?

तळमजला

मूळ कल्पना अमेरिकी व्यवस्थापन सल्लागार फ्रेड राइकहेल्ड यांनी २००३ साली मांडली: आमची शिफारस कराल का, ते शून्य ते दहामध्ये सांगा. नऊ-दहा देणारे जमेस धरायचे, शून्य ते सहा देणारे वजा करायचे, सात-आठ सोडून द्यायचे. तुमचे ‘उत्तम’ थेट केराच्या टोपलीत जाते, ते यामुळे. साहेबांनी तो आकडा त्या मुलाच्या बोनसला बांधला, त्याच दिवशी तो ग्राहकाविषयी बोलेनासा झाला. हे मी पद्धतीच्या बचावासाठी लिहीत नाही. मला स्वतःला हे फोन असह्य होतात.

आकडेमोड

ठीक आहे. ॲपबाहेरची बाई मला दिसत नाही, हे ताईंचे म्हणणे मान्य. झाडाखालच्या फॉर्मांविषयीचे वाक्य मागे घेण्याची मात्र आवश्यकता वाटत नाही, कारण त्यांनीच ते खरे ठरवले. मूळ मुद्दा तसाच आहे. कृती आणि कारण यांत निवड करायची झाली तर मी कृती निवडेन.

उन्हातली फाइल

मी ‘काही जण’ म्हटले होते, आपण ‘निम्मे’. आकडा आपला, पुरावाही आपणच द्यावा.

राहिले कृती आणि कारण. कॉर्नफ्लेक्सवाले केलॉग्ज १९९४ मध्ये भारतात आले, तळोज्याला कारखाना काढला. पहिल्या खरेदीचे आकडे पाहणाऱ्याला सारे छान दिसले असते. लोकांनी उत्सुकतेने एकदा खोका घेतला आणि पुन्हा फिरकले नाहीत. आपल्या पद्धतीने आपल्याला दुसरी खरेदी होत नाही एवढे कळले असते, आणि आपण खोक्याचा रंग बदलून पाहिला असता. सकाळी एखाद्या स्वयंपाकघरात उभे राहिले असते तर दिसले असते की आपल्याकडे दूध तापवून, गरमच ओततात आणि त्यात कुरकुरीत पोह्यांचा लगदा होतो. मुलगा वाटी सरकवून उठतो. हे पाहायला कोणाला तरी त्या घराचे दार वाजवावे लागते आणि वॉचमनशी भांडावे लागते.

मसालेवाला

ताईंनी शेवटी माझाच मुद्दा मांडला: पाहा, विचारू नका.

उन्हातली फाइल

काका, बाई शिवणीला नाक लावते हे आपण पाहिलेत. ती खवटपणा शोधते आहे, हे कसे कळले?

मसालेवाला

दुकानदार म्हणाला.

तळमजला

म्हणजे विचारले.

मसालेवाला

दुकानदाराशी गप्पा मारण्याला तुम्ही संशोधन म्हणत असाल, तर आमचे वडील मोठे संशोधक होते आणि त्यांनी आयुष्यात कोणाला त्याचे बिल पाठवले नाही. असो. आता फुकटात एक सल्ला द्या. शेंगदाणा चटणीच्या लहान पाकिटाची किंमत ठरवायची आहे. ‘किती द्याल’ असे विचारले की प्रत्येक जण कमीच सांगतो.

तळमजला

तो प्रश्न विचारूच नका, येथे मी आकडेमोड यांच्या बाजूने आहे. साधारण सारख्या गिऱ्हाइकाची दुकाने निवडा, निम्मी मिरजेतली आणि निम्मी इचलकरंजीतली. दोन्ही गावांत अर्ध्या दुकानांत एक किंमत आणि अर्ध्यांत दुसरी ठेवा, म्हणजे गावाचा फरक किमतीच्या माथी बसणार नाही. महिनाभर मांडणी बदलू नका आणि मध्ये सण येऊ देऊ नका. पहिल्या खपापेक्षा, तेच घर पुन्हा येते का, हे दुकानदाराला टिपून ठेवायला सांगा.

उन्हातली फाइल

आणि दुकानदाराला त्या टिपणाचे पैसे द्या. नाहीतर तो महिनाअखेरीला एका बैठकीत सगळे रकाने भरून टाकेल, आणि मग येथे त्याला कोणीतरी झाडाखाली बसवेल.