सोलरच्या व्हेंट पाइपातून पाणी वाहते, गरम नळाला हवा येते

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव): गच्चीवरील सोलर वॉटर हीटरच्या व्हेंट पाइपातून (टाकीतील हवा-वाफ बाहेर सोडणारा उभा, उघडा पाइप) अधूनमधून पाणी ओघळते आणि न्हाणीघरातील गरम नळ सोडल्यावर आधी फुसफुसत हवा येऊन मगच बारीक धार लागते. बॉल कॉक (टाकी भरल्यावर पाणी बंद करणारा तरंगता नळ) नवा आहे. दोष कोठे असावा?

उत्तर (खानापूर): थंड पाण्याच्या लाइनवरील प्रेशर पंप चालू असतानाच पाणी वाहते का, हे प्रथम पाहावे. तसे असल्यास गरम-थंड पाणी एकत्र करणाऱ्या मिक्सर नळातून थंड पाणी दाबाने गरम लाइनीत शिरून व्हेंटवाटे बाहेर पडत असणार. मिक्सरखालचे गरम पाण्याचे अँगल कॉक (भिंतीलगतच्या छोट्या तोट्या) एकेक बंद करून पाहिल्यास दोषी मिक्सर सापडतो. तेथे हलक्या झडपेचा, पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. पंप बंद असतानाही ओघळत असेल, तर व्हेंटचे तोंड थंड टाकीतील पातळीपेक्षा उंच आहे का, ते मोजावे.

उत्तर (निपाणी): हवेचे कारण बहुधा वेगळे आहे. गरम पाइप कठडा ओलांडताना वर चढून खाली उतरत असेल, तर त्या उंचवट्यात हवा अडकते. तेथे उभा एअर व्हेंट हवा. व्हेंटला बूच मारण्याचा सल्ला काही प्लंबर देतात, तो कदापि मानू नये. तापलेल्या पाण्याचा दाब कोंडून टाकी फुटू शकते.

प्रश्नकर्ता: पंप चालू असतानाच वाहते, आणि कठड्यावर चढही आहे. दोन्ही कामे करून घेतो.